परवानगी किती द्यावी?

अंधेरीच्या मरोळ भागात १९७३ साली ‘सीप्झ’ हे निर्यात-क्षेत्र उभे राहिले आणि पुढे संगणकावर चरितार्थ चालविणारी एक पिढी या उपनगरांत वाढली. तिच्यापैकीच मी एक. अंधेरीतल्या एका लहानशा कचेरीचा सर्व्हर मी सांभाळतो. बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथील आपापल्या घरांतून तीसएक माणसे या एकाच यंत्रावर काम करीत असतात. वाडी एक आणि बिऱ्हाडे अनेक, असा हा संसार.

गेल्या पावसाळ्यात पत्रव्यवहार पाहणाऱ्या बाईंचा फोन आला. मराठी टंकलेखनाचे एक्स्टेंशन त्यांच्या ब्राऊझरला जोडता येईना. “सर, तेवढी परवानगी देऊन टाका ना! पत्रे खोळंबली आहेत.”

कारण शोधण्यास वेळ लागला नाही. क्रोमच्या धोरणांच्या पानावर सर्वच एक्स्टेंशनांना बंदी दिसत होती. संपूर्ण सर्व्हरला लावलेला असा नियम एकट्या वापरकर्त्याला हटविता येत नाही. तो उठविणे माझ्या हाती होते. परंतु एक्स्टेंशनची मागणी वाचून मी थांबलो. प्रत्येक संकेतस्थळावरील मजकूर वाचण्याची आणि बदलण्याची मुभा त्यास हवी होती. मागणी गैर नव्हती. जिथे लिहायचे तिथे अक्षर उमटविण्यासाठी त्या पानापर्यंत हात पोहोचावाच लागतो. मात्र तोच हात बँकेच्या पानापर्यंतही पोहोचतो.

शिवाय आजच्या भल्या माणसाला दिलेली किल्ली उद्या कोणाच्या हाती पडेल, हे कोणी सांगावे? २०२४ च्या नाताळच्या आदल्या दिवशी ‘सायबरहेवन’ या संगणक-सुरक्षा कंपनीतील एक कर्मचारी फसव्या ई-पत्राला भुलला व त्याने एका परक्या अ‍ॅपला परवानगी दिली. ऐन नाताळात त्या कंपनीच्या एक्स्टेंशनची दूषित आवृत्ती क्रोमच्या अधिकृत दुकानात आली आणि सुमारे दिवसभर तिथे राहिली. एक्स्टेंशनच्या नव्या आवृत्त्या आपोआप उतरतात. जादा परवानगी मागितली नाही, तर ब्राऊझर आपल्याला पुन्हा विचारीतही नाही.

मार्ग दोन होते. एक्स्टेंशन सर्वांवर सक्तीने बसविले असते, तर प्रत्येकाची संमती न विचारताच गृहीत धरली गेली असती. मी दुसरा मार्ग धरला. त्या एकाच एक्स्टेंशनला बंदीतून सूट दिली. ज्यास हवे त्याने ते वाचून, स्वतः जोडावे. त्याच धोरणात बँकेची आणि पगारपत्रकाची संकेतस्थळे त्यास वर्ज्य केली.

“म्हणजे बँकेच्या पानावर मराठी उमटणार नाही?” बाईंनी विचारले.

“नाही.”

“नाही तरी तिथे आकडेच भरायचे असतात!” त्या हसल्या आणि पत्रांना लागल्या.

आपल्या घरीही एकाच संगणकावर आजोबांची पेन्शन, मुलांचा अभ्यास आणि बँकेचे व्यवहार चालतात. क्रोमने २०१८ पासून प्रत्येक एक्स्टेंशनला मर्यादा घालण्याची सोय दिली आहे: बटण दाबल्यावरच, ठरावीक संकेतस्थळांवर, अथवा सर्वत्र. एखाद्या रविवारी सर्वांनी मिळून ती यादी उघडावी आणि प्रत्येक नावापुढे एकच प्रश्न विचारावा: याच्या कामास एवढा अधिकार खरोखर लागतो काय?