ऐकलेले आपले व्हावे म्हणून

वाचकहो, घरात अंथरुणाला खिळलेले माणूस असले की घड्याळावर आपली सत्ता उरत नाही. औषधाची, कूस बदलण्याची, पेज भरवण्याची वेळ ठरलेली असते. त्यात ठरावीक तासाच्या ऑनलाइन वर्गाला जागा कोठून मिळावी? आमच्या वसमतच्या घरी माझे यजमान पक्षाघाताने आजारी आहेत. त्यांची शुश्रूषा करता करता सूनबाई यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची पदवी घेत आहेत. ध्वनिचित्रमुद्रित व्याख्याने नसती, तर हे शिक्षण केव्हाच सुटले असते.

विद्यापीठ अनुदान आयोगाने 1984 साली दूरदर्शनवर व्याख्याने सुरू केली, तेव्हा प्रक्षेपणाची वेळ श्रोत्याने पाळावी लागे. 2017 साली आलेल्या ‘स्वयम्’ या शासकीय व्यासपीठावर व्याख्यान आपल्यासाठी थांबून राहते. शुश्रूषा करणाऱ्याला याहून मोठी सवलत कोणती?

मात्र याच सवलतीत एक फसवणूक दडलेली असते. चित्रफीत संपली की विषय समजला असे वाटते, आणि दुसऱ्या दिवशी त्यातले चार शब्दही आठवत नाहीत. आपल्या परंपरेने श्रवण, मनन आणि निदिध्यासन अशा तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. मुद्रित व्याख्यान पहिली पायरी देते. पुढच्या दोन आपणच चढायच्या असतात. संत नामदेवांची नर्सी आमच्याच जिल्ह्यात. कीर्तन ऐकणाऱ्यांना ठाऊक आहे, की बुवा एक चरण म्हणून थांबतात, टाळकरी तो धरतात आणि मगच निरूपण पुढे सरकते. व्याख्यानही असेच थांबत थांबत ऐकावे.

दर सात-आठ मिनिटांनी चित्रफीत थांबवावी, पडदा पालथा ठेवावा आणि ऐकलेले स्वतःच्या शब्दांत सांगावे. अडले तरच मागे जावे. दुसऱ्या दिवशी व पुन्हा आठवड्याने तेच आठवून पाहावे. रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगांत, मजकूर पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा तो न पाहता आठवणाऱ्यांच्या लक्षात आठवड्यानंतर अधिक राहिला होता.

ज्येष्ठ वाचकहो, येथे तुमची गरज आहे. सांगायला समोर कोणी हवे ना! रात्री सूनबाई म्हणतात, “आई, ऐका बरं,” आणि मागणी-पुरवठ्याचा नियम सांगू लागतात. मी विचारते, “मग हळद निघाली की मोंढ्यात भाव का उतरतो?” त्या क्षणभर अडखळतात, विचार करतात आणि उत्तर देतात. त्या क्षणात व्याख्यान त्यांचे होते. यासाठी मला अर्थशास्त्र येण्याची गरज पडत नाही. मनापासून ऐकणे आणि भाबडा वाटला तरी प्रश्न विचारणे पुरते. दिवसभर औषधपाण्याखेरीज दुसरे बोलणे नसलेल्या घरात ही वीस मिनिटे आम्हा दोघींनाही विसावा देतात.

तुम्ही स्वतः शिकत असाल तर वेग थोडा कमी करावा, उपशीर्षके लावावीत, आवाज बेताचा ठेवावा. वीस मिनिटांनी नजर दूरवर न्यावी, उठून चार पावले टाकावीत. झोपेच्या वेळेतून तास काढू नये. रुग्णाला रात्री उठून पाहायचे असेल तर मुळीच नाही. व्याख्यान उद्याही तेथेच असते.

वाचकांत निवृत्त शिक्षक असतील, घरून शिकवत असतील, तर त्यांना एक विनंती. तासभराचे एक व्याख्यान करण्यापेक्षा दहा-दहा मिनिटांचे भाग करावेत, प्रत्येकाच्या शेवटी एक प्रश्न ठेवावा आणि प्रत्यक्ष भेटीचा वेळ शंकांसाठी राखावा. सांगण्याचे काम यंत्र करील. विद्यार्थी कोठे अडला हे मात्र माणसालाच उमगते.