आमची लांकडी आगगाडी

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आम्ही सौंदडास थोरल्या बंधूंच्या घरीं पंधरा दिवस राहिलों. गोंदियाहून नागभीडकडे जाणारा लोहमार्ग या गांवावरून जातो. बंगाल-नागपूर रेल्वेच्या काळीं त्याच्या दोन रुळांतील अंतर अवघें अडीच फूट होतें. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत ते रूळ उखडून साडेपांच फुटांचा रुंद मार्ग घातला गेला. त्या जुन्या चिमुकल्या गाडीची आठवण गांवांतील वृद्ध मंडळी अद्यापि काढतात. आणि मुलांचें म्हणाल तर, शिटी कानीं पडली कीं हातांतला घास ताटांत टाकून तीं अंगणांत धांव घेतात.

घरांत मुलें तीन: बंधूंचा आठ वर्षांचा चिरंजीव, त्याचा शेजारचा सोबती, आणि बंधूंची पांच वर्षांची कन्या. या धाकटीची एक संवय आल्या दिवसापासून आमच्या लक्षांत आली होती. कोणतेंही नवें काम समोर आलें कीं ती दोन्ही हात पाठीमागें नेई आणि म्हणे, "मला नाहीं येत." मग बुटाचे बंद आई बांधी, पाटीवरचें अक्षर भाऊ गिरवी, आणि ती शांतपणें पाहत उभी राही.

वैशाखांतील दुपारीं बाहेर पडण्याची सोय नव्हती. तिन्ही मुलें एकाच मोबाइलभोंवतीं माना घालून बसत. तें पाहून वहिनी एके दिवशीं म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही एवढे शाळेंत शिकवितां, या पोरांना कांहीं उद्योग लावा कीं." आम्हीं लांकडी आगगाडी करण्याचा बेत जाहीर केला.

तान्ह्या पोळ्यास आमच्या विदर्भांतील मुलें चाकांवरचे लांकडी नंदी ओढीत मिरवितात, हें वाचकांस ठाऊकच आहे. ते नंदी करणाऱ्या गांवच्या सुताराकडे आम्ही गेलों. त्यानें नंदीचीं लहान चाकें आणि शिवणीच्या लांकडाचे उरलेसुरले तुकडे मोठ्या संतोषानें दिले. एक करवत व रंधाही उसना दिला. सुताराच्या घरीं वाढलेल्या प्रभूची प्रार्थना आमच्या शाळेंत रोज होते. पण स्वतः रंधा हातीं धरण्याचा आमचा हा पहिलाच प्रसंग होता. दोन दिवसांच्या खटपटीनें आठ आठ इंच लांबीचे रूळ तयार झाले. प्रत्येकावर चाकांसाठीं दोन खांचा. एका टोकास लहानसें बोंड, दुसऱ्या टोकास तें बसेल अशी खोबण. वळणाचे तुकडे पंचेचाळीस अंशांचे केले, म्हणजे आठ तुकडे जुळले कीं वर्तुळ पुरें होई.

जमिनीवरचें वर्तुळ तासाभरांतच जुनें झालें. "काकाजी, गाडीच्या वरून गाडी गेली पाहिजे," असा चिरंजीवांनीं हट्ट धरला. आमच्या इंजिनाची उंची तीन इंच. तें पुलाखालून निर्वेध जावयाचें तर पूल चार इंच उंच हवा. मुलांनीं आठ इंचांचा एकच तुकडा तिरपा टेकवून एका उडींत ती उंची गांठण्याचा प्रयत्न केला. परिणाम व्हावयाचा तोच झाला. डबे मागें घसरून एकमेकांवर आदळले. आणि बळेंच वर ढकललेल्या इंजिनाचें पोट पुलाच्या कडेवर अडकून त्याचीं चाकें अधांतरीं राहिलीं.

तेव्हां आम्हीं त्यांना घाटांतील गाड्यांची हकीकत सांगितली. बोरघाटांतला लोहमार्ग १८६३ सालीं खुला झाला, त्यावर सर्वांत कठीण चढ म्हणजे सदतीस फूट पुढें गेल्यावर एक फूट उंची. आणि तेवढ्यानेंही भागेना म्हणून वाटेंत एके ठिकाणीं गाडी थांबवून, इंजिन दुसऱ्या टोकास लावून, उलट दिशेनें पुढचा चढ चढावा लागे. नेरळहून माथेरानास जाणारी लहान गाडी १९०७ सालीं सुरू झाली. ती वीस फुटांस एक फूट चढते, आणि त्यासाठीं डोंगराला वळसे घेत जाते. माथेरानच्या मापानें आमच्या चार इंचांस ऐशीं इंच वाट, म्हणजे दहा तुकडे लागले असते. ओसरी तेवढी लांब नव्हती. शेवटीं आठास एक असा चढ ठरला: चार तुकडे, आणि त्यांच्या सांध्यांखालीं एक, दोन, तीन व चार इंचांचे ठोकळे. आरंभाचा व माथ्याचा सांधा थोडा वांकता राहील असा सैल ठेविला, तेव्हां इंजिनाचें पोट अडकेनासें झालें. उंच जावयाचें असेल तर बऱ्याच मागून आरंभ करावा लागतो, एवढें मुलांस त्या दिवशीं उमगलें.

पहिला पूल उभा राहिला, तेव्हां दुसरा मजला हवा झाला. आतां ठोकळे आठ इंचांपर्यंत चढले, आणि बांधकाम डळमळूं लागलें. तिसऱ्या दिवशीं सायंकाळीं धाकटीचें कोपर लागून वरचा मजला कोसळला. तिला कोणी रागावलें नाहीं. तीही रडली नाहीं. "मला नाहीं येत," असें म्हणून ती उंबऱ्यावर जाऊन बसली.

रात्रीं मुलें निजल्यावर आम्ही दिवा लावून कामास बसलों. सकाळीं मुलांना आनंद व्हावा, हा आमचा हेतु. पण खरें सांगावयाचें तर आपलें कौशल्य दाखविण्याची हौसही त्यांत थोडी नव्हती. प्रत्येक ठोकळा कानशीनें घांसला, सांधे ओळंब्यांत आणले, दोन्ही मजले सरळ रेषेंत उभे केले. काम संपलें तेव्हां मध्यरात्र उलटून गेली होती.

सकाळीं दोघे मुलगे आले. त्यांनीं एकदां गाडी फिरविली, "छान आहे" म्हटलें, आणि ते आंब्याच्या झाडाकडे निघून गेले. धाकटी मात्र बराच वेळ पाहत उभी राहिली. तिचे हात पाठीमागें होते. मग ती म्हणाली, "काकाजी, हा तं तुमचा पूल होय. मी नाहीं हात लावत."

तिच्या बोलण्यांत रुसवा नव्हता, आणि म्हणूनच तें आम्हांस अधिक लागलें. तिला न येणाऱ्या गोष्टींच्या यादींत आम्हीं एका रात्रींत आणखी एकीची भर घातली होती. आम्ही व्यवसायानें शिक्षक. मुलांच्या वह्यांतील निबंध तांबड्या शाईनें सुधारतां सुधारतां ते कितीदां आमचेच निबंध होऊन गेले असतील, हा विचार त्या वेळीं प्रथम मनांत आला. जर्मनींत फ्रबेलनें १८३७ सालीं बालकांच्या हातीं लांकडी ठोकळे दिले. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं आजच्या पालघर जिल्ह्यांतील बोर्डी येथें बालशिक्षणाचें काम आरंभिलें, आणि तेथें त्यांनीं व अनुताई वाघ यांनीं महागड्या साधनांऐवजीं खडे, शिंपले, पानें व बिया हींच मुलांच्या पुढें ठेविलीं. हें सर्व आम्ही वाचलेलें होतें. परंतु वस्तु मुलाच्या हातीं देणें सोपें. दिल्यावर आपला हात मागें घेणें कठीण.

आम्हीं आपल्याच हातानें तो पूल उतरविला. धाकटीस म्हटलें, "आमचें चुकलें. कोणता ठोकळा कोठें जावा, हें आतां तूं सांग." ती बराच वेळ गप्प राहिली. मग खालीं बसून तिनें ठोकळे उंचीप्रमाणें ओळीनें मांडले. उंच खांबांखालीं एकाऐवजीं दोन ठोकळे तिनें शेजारीं शेजारीं ठेविले. पाया रुंद झाला आणि डळमळ थांबली. मुलगेही परत आले. पूल आणखी दोनदां पडला. आम्ही मांडीखालीं हात दाबून बसलों.

शेवटीं वर्तुळ पुरें व्हावयास दोन बोटांची फट राहिली. तेवढ्या मापाचा तुकडा आमच्याजवळ नव्हता. आम्ही करवत आणावयास उठतों तोंच धाकटी एका टोकापासून प्रत्येक सांधा हलकेच ओढीत निघाली. बोंड आणि खोबण यांच्यामध्यें केंसाएवढी मोकळीक असते. प्रत्येक सांध्यानें आपली मोकळीक दिली, आणि फेरी संपतां संपतां फट नाहींशी झाली. ही युक्ति आम्हांस सुचली नसती. आम्ही लांकूड कापीत बसलों असतों. पूल वांकडा होता, पण गाडी दोन्ही मजल्यांवरून फिरून पुन्हां जमिनीवर उतरली.

आमच्या निघण्याच्या दिवशीं सर्वजण स्टेशनावर पोंचवावयास निघालीं. धाकटी पायरीवर बसून बुटाचे बंद बांधीत होती. गांठ सुटे, ती पुन्हां बांधी. गाडीची वेळ जवळ आली होती. वहिनी पुढें झाल्या, तोंच ती म्हणाली, "हात नका लावूं." वहिनींनीं आमच्याकडे पाहिलें. आम्हीं पिशवी खालीं ठेविली आणि थांबलों.