छोटी, ट्यूब उलटी करून वाच



तुझ्या फेसवॉशच्या ट्यूबचा फोटो मिळाला. "यातलं चांगलं काय अन् वाईट काय, तेवढ्या खुणा करून पाठव," असं तू लिहिलंस. खुणा करणं सोपं होतं, पण मग पुढची ट्यूब आणलीस की पुन्हा मलाच विचारावं लागलं असतं. तू सायन्स शिकलेली पोर आहेस. ही यादी तुझी तुलाच वाचता यावी, म्हणून हे लांबलचक पत्र.

आधी यादीचा नियम समजून घे. आपल्याकडे सौंदर्यप्रसाधनांसाठी २०२० चे नियम आहेत. त्यांनुसार एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने छापावे लागतात, म्हणजे ज्याचं प्रमाण जास्त ते आधी. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक मात्र शेवटी कोणत्याही क्रमाने येतात. त्यामुळे पहिली पाच-सहा नावं वाचलीस की ट्यूबमध्ये मुख्यतः काय आहे ते कळतं. याच नियमात एक सूट आहे: ६० मिलिलिटरपेक्षा कमी द्रवाच्या आणि ३० ग्रॅमपेक्षा कमी घट्ट मालाच्या पॅकवर यादी छापण्याची सक्ती नाही. ही सूट मला पटत नाही. ज्या घरात मोठी ट्यूब परवडत नाही म्हणून पुडी आणतात, त्याच घरातल्या पोरींना आपण तोंडाला काय लावतो हे कळत नाही. निदान तू तरी यादी छापलेलीच वस्तू घेत जा.

यादीत पहिलं नाव बहुतेक 'ॲक्वा' असतं, म्हणजे पाणी. त्याच्या मागोमाग येतात ते खरे धुणारे घटक. त्यांच्या रेणूचं एक टोक पाण्याकडे ओढलं जातं, दुसरं तेलाकडे. तेलाकडचं टोक मळ आणि तेलकटपणाला चिकटतं, अन् पाणी ओतलं की सगळं सोबत निघून जातं. साबणही हेच करतो. मग तोंडाला साबण का नको? कारण आपल्या कातडीचा पीएच पाचाच्या आसपास, थोडा आम्लधर्मी असतो, तर तेल आणि कॉस्टिक सोड्यापासून केलेल्या साबणाचा नऊ-दहाच्या घरात. रोज दोन-तीनदा साबण लावला की कातडीचं स्वतःचं तेल जातं, ती ओढल्यासारखी होते, सोलवटते.

पाणी जड असेल तर त्रास आणखी वाढतो. जड पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी जुळलं की न विरघळणारा चिकट साका तयार होतो. बादलीच्या कडेला बसणारा तो पांढरा थर थोडाफार तोंडावरही राहतो. आपल्या गिरडच्या टेकडीचा याच्याशी संबंध आहे, हे तुला माहीत नसेल. शेख फरीद बाबांची थट्टा केली म्हणून व्यापाऱ्यांचा सगळा माल दगड झाला, ही गोष्ट तू लहानपणापासून ऐकलीस. टेकडीवरच्या त्या गोट्यांना जुन्या इंग्रजी नोंदींत झिओलाइट म्हटलं आहे. श्रद्धेची गोष्ट तिच्या जागी. झिओलाइट या खनिजाचा गुण असा, की ते पाण्यातलं कॅल्शियम धरून ठेवतं आणि बदल्यात सोडियम सोडतं. म्हणून कारखान्यात बनवलेलं झिओलाइट कपड्यांच्या पावडरीत घालतात. फेसवॉशमध्ये त्याची गरज सहसा पडत नाही, कारण त्यातले धुणारे घटक साबणासारखा साका करत नाहीत.

आता त्यांची नावं बघ. 'सोडियम लॉरिल सल्फेट' भरपूर फेस करतं, पण कातडीला झोंबणारं आहे. इतकं, की कातडी किती लवकर चिडते हे तपासताना संशोधक मुद्दाम हाच पदार्थ लावतात. त्याने कॅन्सर होतो ही मोबाइलवर फिरणारी गोष्ट मात्र खरी नाही, त्याला घाबरू नकोस. 'सोडियम लॉरेथ सल्फेट' त्याचंच सौम्य भावंड. 'कोकॅमिडोप्रोपिल बिटेन', 'सोडियम कोकॉइल आयसेथिओनेट', 'डेसिल ग्लुकोसाइड' ही आणखी सौम्य. तुझ्या ट्यूबवर पाण्यानंतर लॉरेथ आणि लगेच बिटेन आहे. ही जोडी ठीक आहे, कारण बिटेनमुळे लॉरेथचा झोंबरेपणा कमी होतो. तरी धुतल्यावर गाल ओढले जात असतील, तर पुढच्या वेळी ग्लुकोसाइडचं घे. फेस कमी येईल. फेस कमी म्हणजे सफाई कमी, असं समजू नकोस.

'ग्लिसरीन' वरच्या पाचात असेल तर आनंद मान. ते पाणी धरून ठेवतं, धुण्याने येणारा कोरडेपणा थोडा सावरतं. 'सॅलिसिलिक ॲसिड' तेलात मिसळतं, म्हणून रोमछिद्रात साचलेल्या तेलापर्यंत पोचतं. तुझ्या नाकावरच्या काळ्या ठिपक्यांना आणि बारीक पुटकुळ्यांना त्याचा उपयोग होईल. अशा फेसवॉशमध्ये ते साधारण अर्धा ते दोन टक्के असतं. सुरुवातीला एक दिवसाआड वापर. कातडी लाल झाली तर थांब.

'फिनॉक्सिएथॅनॉल', 'सोडियम बेंझोएट' ही टिकवणारी द्रव्यं. त्यांची भीती पसरवून बराच माल विकला जातो. पण जिथे पाणी आहे तिथे जंतू वाढणारच, अन् न्हाणीघरात महिनोन्महिने उघडझाप होणाऱ्या ट्यूबला राखण हवीच. मला जास्त काळजी वाटते ती 'परफ्युम' किंवा 'फ्रेग्रन्स' या एका शब्दाची. त्याच्या आड अनेक सुगंधी द्रव्यं असू शकतात, आणि प्रसाधनांची ॲलर्जी उठण्याचं ते एक मोठं कारण आहे. तुला अंगावर लवकर पुरळ उठतं. तू बिनवासाचंच घे.

शेवटच्या ओळीत लिंबोळी, पपई, हळद यांचे अर्क आहेत, अन् ट्यूबच्या पुढच्या बाजूला चित्रं त्यांचीच मोठी. आपल्या समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. तिचं मोल मला नव्याने सांगायला नको. पण नखाएवढा अर्क, तोही मिनिटभरात पाण्याबरोबर वाहून जाणारा, चेहऱ्याचं फारसं काही करू शकत नाही. हळद भाजीत घाल. आणि लिंबू तोंडाला चोळून वावरात जाऊ नकोस. लिंबाचा रस लागलेल्या कातडीवर ऊन पडलं की भाजल्यासारखे फोड येतात, काळे डाग मागे राहतात.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते सांगते. ट्यूबवर 'उजळ' असं छापलंय, आणि तू ती त्या शब्दासाठी घेतलीस हे मला कळलं. पोरी, कातडीचा रंग मेलॅनिनचा असतो. ते कातडीच्या पेशींत असतं, उन्हापासून तुला जपतं. आपल्याकडच्या उन्हात ते किती मोलाचं आहे! धुऊन मळ निघतो, रंग निघत नाही. जी वस्तू आठवड्यात रंग उजळते, तिची भीती धर. अकोल्यात एकाच घरातल्या तिघींना गोरेपणाच्या क्रीममुळे मूत्रपिंडाचा आजार जडल्याच्या बातम्या आल्या होत्या. त्या क्रीममध्ये पारा सापडला होता. बिनयादीच्या डब्या आणि डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळणारी स्टेरॉइडची मलमं, दोन्ही घरात आणू नकोस. कोणी तुझ्या रंगावरून बोललं, तर दोष त्या बोलणाऱ्याच्या शिकवणीचा. त्यासाठी तू तुझी मूत्रपिंडं पणाला लावायची नाहीत.

सकाळी एकदा, वावरातून किंवा कॉलेजातून आल्यावर एकदा, एवढं धुणं पुरे. वाटाण्याएवढं फेसवॉश, साधं पाणी, घासायचं नाही. नंतर ओल्या तोंडावर साधं मॉइश्चरायझर. खर्च करायचाच असेल तर तो सनस्क्रीनवर कर. दुखणाऱ्या मोठ्या पुटकुळ्या सहा-आठ आठवड्यांत कमी झाल्या नाहीत, तर सेवाग्रामच्या रुग्णालयात त्वचारोग विभागात जाऊन ये. मी सोबत येईन.

आणि तुझ्या मैत्रिणींनाही ट्यूब उलटी करून वाचायला शिकव. सगळ्या जणी मिळून वाचायला लागल्या, की दुकानदारही यादी असलेला माल ठेवील.

आईला माझा नमस्कार सांग.

तुझी,
मावशी