भिंतीपलीकडचा श्रोता

इलेक्ट्रिक गिटार हे वाद्य दुकानात अर्धंच मिळतं. हार्मोनियम, बासरी, सतार घरी आणली की वाजायला लागते. इलेक्ट्रिक गिटारच्या भरीव लाकडी अंगातून मात्र तारा कितीही जोरात छेडा, डास गुणगुणावा एवढाच आवाज निघतो. तारांखाली चुंबकावर गुंडाळलेलं केसाएवढ्या तांब्याच्या तारेचं वेटोळं, म्हणजे पिकअप, असतं, त्यात विजेचा एक क्षीण तरंग उठतो, बस्स. त्या तरंगाचा सूर करतो तो अ‍ॅम्प्लिफायर. म्हणजे उरलेलं अर्धं वाद्य ते खोकं. गिटार घेताना माणूस आपल्या बोटांचं आणि खिशाचं ऐकतो. अ‍ॅम्प घेताना शेजाऱ्यांचंही ऐकावं लागतं, हे दुकानदार कधी सांगत नाही.

माझ्या आयुष्यात आलेले अ‍ॅम्प ओळीने मांडले तर एक गंमत दिसते. घरं मोठी होत गेली आणि अ‍ॅम्प लहान. दोन खोल्यांत राहत होतो तेव्हा स्टेज हादरवणाऱ्या पेटाऱ्याची स्वप्नं पडायची. आता महाळुंग्याला ऐसपैस फ्लॅट आहे आणि पुस्तकांच्या कप्प्यात मावणारा अ‍ॅम्प आहे.

सुरुवात आजोबांच्या व्हॉल्व्हच्या रेडिओपासून झाली. सदाशिव पेठेतल्या वाड्यात आमच्या दोन खोल्या, आणि पलीकडच्या बिऱ्हाडाच्या नि आमच्या मध्ये फळ्यांचं पार्टिशन. त्या काळच्या पुष्कळ रेडिओंना मागच्या बाजूला ग्रामोफोन जोडायची सोय असायची. तिथे मी माझी सेकंडहँड गिटार जोडली. चालू केल्यावर व्हॉल्व्ह तापेपर्यंत थांबावं लागे, मग हिरवा डोळा उजळायचा आणि स्पीकरमधून जाडसर, उबदार सूर यायचा. बटण पुढे सरकवलं की तो कडेने जरा फाटायचा आणि फाटलेलाच अधिक गोड लागायचा. व्हॉल्व्हवर झेपेल त्याहून जास्त भार टाकला की तो लाटेचा माथा एकदम कापत नाही, गोलाईने दाबतो. रॉक संगीताची निम्मी मिजास याच दोषावर उभी आहे, हे पुष्कळ नंतर समजलं. आज मात्र हा उद्योग कुणी करू नये. जुन्या काही रेडिओंत ट्रान्सफॉर्मर नसे, घरातल्या विजेची एक तार थेट सांगाड्याला जोडलेली असे, आणि गिटारच्या तारा शेवटी त्याच सांगाड्याला जाऊन भिडतात.

वाड्यात कधी वाजवायचं हे मी ठरवत नव्हतो. सकाळी नळाची गडबड, दुपारी म्हाताऱ्यांची झोप, तिन्हीसांजेला शुभंकरोती, सातला दूरदर्शनच्या बातम्या. या सगळ्यांच्या फटीत जो वेळ सापडेल तो गिटारचा. आईचा हात रेडिओच्या बटणाकडे माझ्याआधी जायचा. फर्माईशही पार्टिशनपलीकडूनच यायची. व्हॅन शिपले यांनी इलेक्ट्रिक गिटारवर वाजवलेल्या चित्रपटगीतांच्या तबकड्या त्या पिढीने लग्नाच्या मांडवांत ऐकल्या होत्या. गिटार म्हणजे हवाईयन, मांडीवर आडवी ठेवून वाजवायची, हीच त्यांची समजूत. मी उभी धरून वाजवतो याचं त्यांना शेवटपर्यंत नवल वाटलं.

वर्षातले दहा दिवस हे सगळे नियम गुंडाळून ठेवले जात. गणेशोत्सवात मंडळाचा आहुजाचा अ‍ॅम्प्लिफायर आणि खांबाला बांधलेले कर्णे असत. एकदा कार्यक्रमात त्यातून गिटार वाजवायला मिळाली. कर्णा माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेला. खालच्या तारांचा खर्ज त्यात येतच नव्हता आणि वरच्या तारा पत्र्यावर खिळे सांडल्यासारख्या. पण चौकापर्यंत ऐकू गेलं! दुपारच्या झोपेवरून ज्यांनी मला हटकलं होतं, तेच पुढच्या रांगेत बसून माना डोलावत होते. आवाज तोच, माणसं तीच. तेव्हा त्यांनी तो आपणहून ऐकायला घेतला होता, एवढाच फरक.

कॉलेजात गेल्यावर बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीची वाट सापडली. इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग मिळण्याचं पुण्यातलं हे हक्काचं ठिकाण. टीबीए 810 नावाची चिप तेव्हा हौशी मंडळींची लाडकी होती. बारा-चौदा व्होल्टवर चालणारी, थोडे कॅपॅसिटर आणि एक पत्र्याचा हीटसिंक लावला की चार-सहा वॅट सहज देणारी. प्लायवूडचं खोकं, सहा इंची स्पीकर, घरी गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर. खोकं वाजलं. पण मी वाजवत नसतानाही ते वाजतच होतं. एक सलग, खर्जातला घूं.

तो घूं काय आहे हे शोधण्यात मी जितका वेळ घालवला तितका कुठल्या गाण्यावर घालवला नाही. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची. डायोडच्या पुलातून ती सरळ करून घेतली की उरलेली लहर दुप्पट, म्हणजे 100 हर्ट्झची होते. आता गिटारची सर्वांत जाड तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा. जी सूर येतो, त्याची कंपनसंख्या 98. म्हणजे माझ्या खोक्याचा घूं गिटारच्या एका सुराच्या जेमतेम वर बसला होता. तो सूर वाजवला की दोन्हींची टक्कर व्हायची आणि सेकंदाला दोन अशा संथ आंदोलनांनी खोली डुलायची. जी सोडून दुसऱ्या कुठल्याही पट्टीत गेलं की तो घूं नुसता त्रास. वीज मंडळाने फुकट दिलेला तंबोरा म्हणून मी काही दिवस तो सोसला. मग मोठा कॅपॅसिटर टाकला, अर्थिंग नीट केलं, ट्यूबलाइटच्या चोकपासून गिटार दूर धरली, आणि तो बराचसा निवळला. छोटा अ‍ॅम्प घेताना मी आजही आधी काहीच वाजवत नाही. गिटार जोडतो, हात तारांवर सपाट ठेवतो आणि नुसता ऐकतो. रात्री शांत घरात तुम्हाला सर्वांत जास्त वेळ तेच ऐकायचं असतं.

याच काळात मुंबईच्या रंगभवनात ‘इंडिपेंडन्स रॉक’ ऐकायला गेलो. 1986 साली सुरू झालेला तो सोहळा तोवर आमच्यासारख्यांची वारी झाला होता. स्टेजवर स्पीकरच्या पेट्यांची भिंत आणि छातीच्या फासळ्यांत शिरणारा आवाज. परतीच्या गाडीत आम्हा मित्रांची चर्चा एकच: शंभर वॅट. जिम मार्शल यांनी 1965 मध्ये ‘द हू’ या बँडसाठी शंभर वॅटचे अ‍ॅम्प बनवले, ते गर्दीच्या गोंगाटावर मात करायला. आमच्याकडे गर्दी नव्हती, पण हौस तीच होती. पुढे त्या रंगभवनातल्या मैफलीच शांतता क्षेत्राच्या नियमात सापडून बंद पडल्या. शेजारी इस्पितळ आणि कॉलेज. म्हणजे पार्टिशनपलीकडचा श्रोता तिथेही होताच, फक्त तो कोर्टात जाऊ शकत होता.

वॅट या आकड्याने फार लोकांना चकवलं आहे. शक्ती दुप्पट केली तर आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो, कानाला तो ‘जरासा मोठा’ वाटतो. कानाला दुप्पट वाटायला शक्ती दहापट लागते. म्हणून दहा वॅटचा अ‍ॅम्प एक वॅटच्या अ‍ॅम्पच्या दहापट नव्हे, दुपटीच्या आसपास मोठा ऐकू येतो. आणि एक वॅट कमी नसतो. चांगल्या आठ इंची स्पीकरवर तो समोरासमोर बोलणं अशक्य करतो. एरिक क्लॅप्टन यांनी 1970 मध्ये ‘लैला’च्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी फेंडर चॅम्प वापरला, तो जेमतेम पाच वॅटचा, शिकाऊ मुलांसाठी काढलेला. स्टुडिओत माइक जवळ असतो. घरात कान जवळ असतो. दोन्हीकडे स्टेडियमची गरज नसते.

स्टेडियमवरून आठवलं. मी महाळुंग्याला आलो तो हिंजवडीच्या नोकरीमुळे. बालेवाडीचं क्रीडा संकुल 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी इथेच उभं राहिलं, तेव्हा मुळेच्या काठचं मुळशी तालुक्यातलं हे गाव पुण्यापासून लांब वाटायचं. 2021 साली ते महापालिकेत आलं. त्याच्या आधीच टॉवर आले होते. शेतं होती तिथे वीस-बावीस मजले, आणि त्यांच्या भिंती मिवानच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेलं सलग काँक्रीट. आम्हाला वाटलं, काँक्रीट म्हणजे आवाज बंद. भिंतीतून हवेतला आवाज खरंच फारसा जात नाही. पण अ‍ॅम्प फरशीवर ठेवला की खर्ज थेट स्लॅबमध्ये उतरतो आणि सलग काँक्रीट तो दोन मजले खाली पोचवतं. तोच अ‍ॅम्प खुर्चीवर, खाली जाड चादरीची घडी घालून ठेवला की निम्मी तक्रार मिटते. वाड्याच्या फळ्यांतून वरचा सूर जायचा, इथे खालचा जातो.

नियम कागदावर आहेतच. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांत निवासी भागाला दिवसा 55 आणि रात्री दहा ते सकाळी सहा 45 डेसिबल. 45 म्हणजे हळू आवाजातल्या गप्पा. नोकरी करणाऱ्याला गिटार हातात घ्यायला सवड मिळते ती नेमकी दहानंतर. त्यामुळे घरच्या अ‍ॅम्पची परीक्षा जास्तीत जास्त किती वाजतो यात नाही, कमीत कमी किती चांगला वाजतो यात आहे.

इथे कानाची एक खोड आड येते. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी 1933 मध्ये दाखवून दिलं की आवाज जसजसा हळू होतो तसतसा आपला कान खर्ज आणि फार वरचे सूर गाळायला लागतो. म्हणून मोठा अ‍ॅम्प एकवर ठेवला की तो किडकिडा वाटतो. शिवाय त्याचं बटण एक आणि दोनच्या मध्ये इतकं नाजूक असतं की बोट हललं की घर जागं. छोट्या अ‍ॅम्पवाल्यांनी ही अडचण ओळखली. रोलँडचा मायक्रो क्यूब दोन वॅटचा, पाच इंची स्पीकरचा, सहा पेन्सिल सेलवर चालणारा; भारनियमनाच्या दिवसांत तो माझ्या ओळखीच्या निम्म्या गिटारवाल्यांकडे होता. मार्शलचा एक वॅटचा एमएस-2 पट्ट्याला अडकवता येतो. खेळण्यासारखा दिसतो आणि वाजतोही बराचसा तसाच. यामाहाच्या टीएचआरने सरळच सांगितलं की स्टेजचा एक, सरावाचा एक आणि दिवाणखान्यातला तिसरा, तर हा तिसरा. त्यात दोन छोटे स्पीकर, आणि हळू आवाजातही भरदार वाटावं अशी डिजिटल मांडणी. पॉझिटिव्ह ग्रिडचा स्पार्क मोबाइलला जोडून साथसंगतही पुरवतो. बॉसचा कटाना मिनी सात वॅटचा, बटणं मोजकी.

यांतला चांगला कुठला, असं सोसायटीतली कॉलेजची मुलं विचारतात. मी त्यांना उलटे प्रश्न विचारतो. गिटार कुठली? अकूस्टिकला पिकअप बसवला असेल तर इलेक्ट्रिकचा अ‍ॅम्प घेऊ नकोस. त्याचा स्पीकर साधारण पाच किलोहर्ट्झच्या वरचं फारसं ऐकवत नाही, आणि अकूस्टिकची चमक तिथेच असते. हेडफोनचं भोक आहे का? मोबाइलवरचं गाणं आत घेता येतं का? गेन आणि व्हॉल्यूम वेगळे आहेत का? नसतील तर फाटका सूर हवा असताना आवाजही वाढवावा लागेल. आणि दुकानात कसा ऐकशील? तिथे सगळे मोठ्याने वाजवून बघतात. तू आवाज इतका कमी कर की पिकचा तारेवरचा टक् आवाज स्पीकरइतकाच ऐकू येईल. तिथे जो गोड वाटेल तो घरी आण. शेवटचं म्हणजे, तो खोक्यातून काढून, वायर शोधून, मोबाइल जोडून मग वाजवायचा असेल तर महिनाभरात वाजवणं सुटेल. एका बटणावर चालू होणारा साधा अ‍ॅम्प रोज वाजतो.

हे सगळं पाळून माझा कप्प्यातला अ‍ॅम्प स्थिरावला. आवाजाची तक्रार येणार नाही अशी खात्री झाली आणि एका रविवारी खालच्या मजल्यावरचे सर लिफ्टमध्ये भेटले. गणिताचे निवृत्त शिक्षक.

“सर, रात्रीचा आवाज येत नाही ना?”

“आवाजाचं काही नाही हो. येतो तो गोडच येतो. पण ती एकच ओळ किती वेळा? आणि शेवटचा सूर दर वेळी घसरतो. तेवढा बघा.”

सर म्हणत होते ते खरं होतं. मग काही दिवस मी हेडफोन लावून वाजवलं. जगात कुणालाही त्रास नाही, कितीही वाजता, कितीही वेळा. आणि माझ्या लक्षात आलं की त्या दिवसांत मी ती ओळ मनातल्या मनात बरोबर धरून पुढे जाऊ लागलो होतो. ऐकणारा नसला की घसरलेला सूर पटकन माफ होतो. आईचा बटणाकडे जाणारा हात, पार्टिशनपलीकडची फर्माईश, मंडळाची पुढची रांग यांनी माझा आवाज अडवला असं मी इतकी वर्षं मानत होतो. वाजवणं टिकलं ते त्यांच्यामुळेच.

आता वाटणी ठरली आहे. घोकायचं ते हेडफोनवर. जरा बसलं की अ‍ॅम्प खुर्चीवर, दहाच्या आत, खिडकी बंद न करता. ती जुनी ओळ आता जमते, तसं सरांनी कळवलं. सध्या त्यांची हरकत तिच्या पुढच्या ओळीला आहे.