बोर्डावरचं नाव

२ जून २०२३ ला दहावीचा निकाल लागला आणि संध्याकाळी माझा एक विद्यार्थी पेढे घेऊन माझ्या घरी आला. पाया पडला, म्हणाला, "बाई, मराठीत ८१." पाच दिवसांनी कोल्हापुरात दगड मारणाऱ्या घोळक्यात तो होता.

६ जूनला, शिवराज्याभिषेक दिनी, शहरातल्या काहींनी टिपू सुलतानाचं चित्र आणि त्यावर आक्षेपार्ह ऑडिओ असं स्टेटस ठेवलं. ठेवणाऱ्यांत अल्पवयीन मुलंही होती. दुसऱ्या दिवशी बंदची हाक, शिवाजी चौकात गर्दी, मग दगडफेक, लाठीमार, अश्रुधूर. इंटरनेट बंद झालं.

दोन दिवसांनी त्याची आई त्याला दंडाला धरून घेऊन आली. "बाई, आम्हाला काय बी सांगंना. तुम्हीच विचारा."

मी विचारलं, "दगड मारलास?"

"एकच."

"कुणाच्या दुकानावर?"

"माहीत नाही. बोर्डावरचं नाव वाचलं आणि मारला."

सातवीत असताना शाहू जयंतीला याच मुलानं भाषण केलं होतं. महाराजांनी १९०६ साली मुस्लिम बोर्डिंग सुरू केलं, हे वाक्य मीच त्याला लिहून दिलं होतं आणि त्यानं ते न अडखळता म्हटलं होतं.

मी फोन मागितला. स्क्रीनगार्डला कोपऱ्यात तडा गेलेला. आठवीत, कोरोनात, ऑनलाइन तासांसाठी घेतलेला हा फोन. वडिलांनी हप्त्यावर घेतला होता आणि "घ्याच" असा आग्रह आम्हा शिक्षकांचाच होता. तास संपले, शाळा उघडली, फोन त्याच्या हातातच राहिला. त्यानंतर त्यात काय येतंय, हे ना घरी कुणी पाहिलं ना मी.

एका ग्रुपमध्ये अडीचशेवर माणसं. ॲडमिन कोण, त्याला ठाऊक नव्हतं. अंगठ्यानं वर सरकवत राहिले: मारहाणीचे व्हिडिओ, कुठले, कधीचे, पत्ता नाही. त्याखाली शिव्या. मग "रक्त सळसळतं का नाही?" असे मेसेज. हे गेलं दीड वर्ष रोज. त्या वादग्रस्त स्टेटसचा स्क्रीनशॉट तर एकट्या ६ तारखेला अकरा वेळा आलेला. स्टेटस दिसतं ते नंबर सेव्ह असलेल्या ओळखीच्यांना, चोवीस तासांत जातंही. अख्ख्या शहरात ते पोचवलं संतापलेल्यांनीच. आणि स्टेटस ठेवणाऱ्या पोरांनाही ती क्लिप अशीच तयार हातात आली असणार, याबद्दल मला शंका नाही. पंधरा-सोळा वर्षांची पोरं एकमेकांसमोर उभी होती आणि दोन्हीकडचा राग दुसऱ्याच कुणीतरी पुरवलेला होता. त्या माणसांपर्यंत कुणी पोचत नाही, त्यांची नावंच कुणाला माहीत नसतात. रिमांड होमची पायरी चढतात ती पोरं.

त्यानं माझ्यासमोर ग्रुप सोडला. आई रडत होती. तो खाली मान घालून म्हणाला, "बाई, त्या दुकानात आत माणूस होता."

सप्टेंबरात शेजारच्या सातारा जिल्ह्यात, पुसेसावळीत, आक्षेपार्ह पोस्टवरून जमाव चालून गेला. मशिदीत असलेला एक तरुण मारला गेला. बातमी वाचल्यावर मी आधी माझ्या या विद्यार्थ्याला फोन लावला.

"घरीच आहे, बाई."

"आणि ग्रुप?"

थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मी सोडला होता, बाई. कुणीतरी परत ॲड केलंय. नंबर ओळखीचा नाही."