कापूस विकला की…

यवतमाळ

प्रिय ताई,


आत्ताच वळण लावलं नाही तर पोरगं पुढे कामधंद्यात टिकणार नाही, ही तुझ्या शाळेतल्या पालकांची भीती निराधार नाही. ब्रिटनमध्ये १९५८ आणि १९७० साली जन्मलेल्या पंधरा हजारांहून अधिक मुलांच्या नोंदी मायकेल डेली आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये तपासल्या. शाळेत ज्यांचं लक्ष टिकत नव्हतं, हातचं काम अर्धवट राहत होतं, त्यांच्या वाट्याला मोठेपणी बेकारी जास्त आली. मंदीत तर हा फरक आणखी वाढला. न्यूझीलंडमध्ये ड्युनेडिनला १९७२-७३ साली जन्मलेल्या हजारभर मुलांचंही तसंच दिसलं. लहानपणी संयम कमी असलेल्यांची बत्तिसाव्या वर्षी तब्येत आणि पैसा दोन्हींत ओढाताण होती. बुद्धी आणि घरची परिस्थिती हिशेबात धरूनही.

पण एवढ्यावर निकाल दिला, तर आपल्या मुलांवर अन्याय होईल.

अमेरिकेत सेलेस्ट किड यांनी २०१३ मध्ये २८ मुलांवर एक प्रयोग मांडला. मोठ्या माणसाने कबूल केलेलं चित्रकलेचं साहित्य ज्यांना खरोखर मिळालं, ती मुलं नंतर समोरचा मार्शमेलो (मऊ, गोड खाऊ) न खाता दुसऱ्यासाठी सरासरी बारा मिनिटं थांबली. ज्यांना आशा दाखवून नुसतं ‘नाही’ म्हटलं, ती तीनच मिनिटं. म्हणजे दिलेला शब्द पाळला जातो की नाही, यावरही मुलाचा संयम ठरतो.

आपल्याकडे सायकल, कपडे, वह्या, सगळं ‘कापूस विकला की’ यायचं असतं. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने बोंडं पोखरली, तेव्हा अशी कितीतरी वचनं शेतातच संपली. बाप खोटं बोलत नव्हता. भाव वाढेल हे कळत असूनही कृषी केंद्राची उधारी फेडायला तो खेडा खरेदीत, गावातच व्यापाऱ्याला, कापूस देऊन टाकतो. त्याला कोणी उतावळा म्हणत नाही. मग त्याच्या लेकराला का म्हणावं?

म्हणून आधी मोठ्यांनी शब्द पाळावा. शनिवारी गोष्टीचं पुस्तक देईन म्हटलं, तर ते शनिवारीच मिळावं. तान्ह्या पोळ्याला मिळालेले बोजाऱ्याचे पैसे मुलाने डब्यात टाकले, तर घरची अडचण असली तरी त्याला विचारल्याशिवाय तो डबा कोणी उघडू नये.

येत्या पालकसभेत मुलांच्या शिस्तीआधी हे बोलशील का? भाव पडला तर ‘सायकल यंदा नाही’ हे कारणासकट वेळेवर सांगा, असं तू म्हणालीस तर त्यांना पटेल. तुझं ते ऐकतात.

तुझा धाकटा भाऊ