सेरेवीचं देणं

वायसाले सेरेवीला मी कधी भेटलेलो नाही. तरी माझ्या घरात पहिला कायमचा पगार आला तो त्याच्यामुळे, असं मी आजही मानतो.

1997 चा मार्च. गिरणी संपाला पंधरा वर्षं झाली होती आणि वडिलांच्या हाताला मिळेल ते काम होतं. लालबागच्या आमच्या चाळीत वरच्या मजल्यावर भाऊंकडे केबल होती. त्यांनीच हाक मारली, "अरे, वर ये. तुझ्या कबड्डीसारखे हेही सातच जण खेळतायत बघ." हाँगकाँगला रग्बी सेव्हन्सच्या विश्वचषकाचा अंतिम सामना चालू होता, फिजी आणि दक्षिण आफ्रिकेचा. त्या धिप्पाड गड्यांमध्ये साडेपाच फुटांच्या आसपासचा फिजीचा सेरेवी उठून दिसत होता. फिजीने 24-21 असा विश्वचषक जिंकला.

मी चढाईपटू, पण अंगाने किरकोळ. एका निवड चाचणीत मला सांगितलं होतं, "आधी वजन वाढव, मग ये." ते घरी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण वजन वाढवायचं म्हणजे खुराक, आणि तो कुठून आणायचा? सेरेवी भर धावेत पावलं आखूड करायचा, जवळजवळ थांबायचा. अंगावर येणाऱ्याचा भार पुढच्या पायावर पडला रे पडला, की हा दुसऱ्या बाजूने पसार. वेग सगळ्यांकडेच होता. ऐन मोक्याला तो सोडून देण्याची छाती मी पहिल्यांदा पाहिली.

भाऊंनी पुढे मिळतील ते सामने व्हिडिओ कॅसेटवर भरून ठेवले. ते पाहून मी संध्याकाळी सरावाला जायचो. कोपरारक्षक घोट्यावर झेपावणार, नेमक्या त्या वेळी निदान रेषेपाशी थांबायचं. सुरुवातीला पकडी झाल्या, सोबती वैतागले. मग जमू लागलं. कोपऱ्याचा गडी आधी झेपावायचा, मी त्याच्या पाठीला हात लावून मध्यरेषेकडे परतायचो. त्याच चढायांवर जिल्ह्याच्या संघात आलो आणि क्रीडा कोट्यातून बँकेत लागलो. पेढे घेऊन आधी भाऊंकडे गेलो. लालबाग-परळात कबड्डीवर अशी कितीतरी घरं उभी राहिली. त्यांतलं माझं एक.

2005 मध्ये, वयाच्या 36 व्या वर्षी, सेरेवीने पुन्हा विश्वचषक उंचावला. त्याच हाँगकाँगला, न्यूझीलंडला 29-19 हरवून. ऑलिंपिक मात्र त्याच्या वाट्याला आलं नाही. सेव्हन्स तिथे पोहोचलं 2016 मध्ये, रिओला. फिजीने अंतिम सामन्यात ब्रिटनला 43-7 असं लोळवलं आणि नऊ-एक लाख वस्तीच्या त्या देशाला पहिलंवहिलं ऑलिंपिक पदक मिळालं, तेही सोन्याचं. मला आनंद झाला आणि त्याच्यासाठी वाईटही वाटलं. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने 1936 मध्ये बर्लिनला कबड्डी दाखवली, पण ऑलिंपिकचं दार आमच्या खेळाला अजून उघडलेलं नाही. म्हणून त्याचं हुकणं मला जास्त लागतं.

2024 मध्ये सेरेवी भारताच्या सेव्हन्स संघांचा प्रशिक्षक झाला. ती बातमी मी माझ्याकडे शिकणाऱ्या पोरांना वाचून दाखवली. त्यांतल्या सगळ्यात बारक्याने विचारलं, "सर, तो कबड्डी शिकवतो?"

"हो," मी म्हणालो, "मला त्यानेच शिकवली." आणि त्याला कोपऱ्यासमोर चढाईला उभं केलं.